समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक : एमिल द्यूरकेम

‘गाव करील ते राव काय करील’ ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एकटा माणूस कितीही बडा असला तरी त्याच्या हातून जे होणार नाही ते गाव मिळून करते, असा तिचा सरळ अर्थ. पण वाचकहो, जरा विचार करून बघा. गाव म्हणजे नेमके काय? गावात राहणाऱ्या माणसांची नुसती बेरीज म्हणजे गाव काय? तसे असते तर बाजाराच्या दिवशी एसटीच्या थांब्यावर जमलेल्या शंभर माणसांनाही आपण गाव म्हटले असते. आपण तसे म्हणत नाही. गावाला चालीरीती असतात, सणवार असतात, काय शोभते आणि काय शोभत नाही ह्याचा एक हिशेब असतो. जुनी माणसे जातात, नवी जन्माला येतात, तरी गाव तेच राहते. म्हणजे माणसांच्या बेरजेहून जास्त असे काहीतरी तिथे आहे खास.

ते काय आहे, आपल्यावर ते सत्ता कशी चालवते आणि त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करता येतो की नाही, ह्या प्रश्नांना फ्रान्समधल्या एका शिक्षकाने आपले सारे आयुष्य दिले. त्याचे नाव एमिल द्यूरकेम. आज कॉलेजात समाजशास्त्र हा विषय घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव पाठ असते. पण परीक्षेपुरत्या पाठ केलेल्या नावामागे एक माणूस होता, त्याची एक कहाणी होती. ती शिक्षकांनी तर अवश्य ऐकावी अशी आहे.

द्यूरकेमचा जन्म १५ एप्रिल १८५८ रोजी फ्रान्सच्या पूर्वेकडील लोरेन प्रांतात, एपिनाल ह्या गावी झाला. घराणे ज्यू धर्माचे. वडील रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू. आजे आणि पणजेही रब्बीच. घरात पैसा बेताचाच. आई भरतकामाचा छोटासा कारखाना चालवून संसाराला हातभार लावी. आपल्याकडे भिक्षुकाच्या मुलाने भिक्षुकी करावी तसे ह्या मुलाने रब्बी व्हावे हे जणू ठरलेलेच होते. पण मुलाचे मन तिकडे लागले नाही. त्याने शाळेची वाट धरली आणि पुढे धर्मावरची श्रद्धाही सोडली. मौज अशी की, धर्म सोडलेल्या ह्या माणसाने धर्म ह्या विषयाचा जेवढा आदराने अभ्यास केला तेवढा फार थोड्यांनी केला असेल.

तो बारा वर्षांचा असताना, १८७० साली, फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध जुंपले. फ्रान्सचा दारुण पराभव झाला. एपिनालमध्ये जर्मन फौजा येऊन बसल्या. शेजारचा अल्सास प्रांत आणि लोरेनचा काही भाग जर्मनीने तोडून घेतला. पराभव झाला की लोक कोणावर तरी खापर फोडतात. फ्रान्सच्या पूर्व भागात ते ज्यूंवर फोडले गेले. आपण ज्या देशाला आपला म्हणतो तो देश आपल्याला आपला म्हणतो का, हा प्रश्न त्या मुलापुढे तेव्हाच उभा राहिला असला पाहिजे. पुढे सबंध आयुष्यभर त्याने त्याची पाठ सोडली नाही.

शाळेत एमिल हुशार होता. पुढे पॅरिसला जाऊन ‘एकोल नॉर्माल’ ह्या नामांकित संस्थेत प्रवेश मिळवायचा त्याने चंग बांधला. ही संस्था म्हणजे फ्रान्समधील उत्तमोत्तम शिक्षक आणि पंडित घडविणारी शाळा. प्रवेशपरीक्षा महाकठीण. द्यूरकेम तिच्यात दोन वेळा नापास झाला. तिसऱ्या खेपेस, १८७९ साली, त्याला प्रवेश मिळाला. पुढे समाजवादी पुढारी म्हणून गाजलेला जाँ जोरेस आणि तत्त्वज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झालेला आंरी बेर्गसाँ हे त्याच्या एक वर्ष आधी तिथे दाखल झाले होते. द्यूरकेम इतका गंभीर असे की सोबत्यांनी त्याचे नाव ‘तत्त्वज्ञानी’ असे पाडले होते. नुसत्या अलंकारिक भाषेचा त्याला तिटकारा. त्यामुळे वाङ्मयाच्या परीक्षकांची मर्जी त्याला कधी संपादन करता आली नाही. १८८२ साली अध्यापकाच्या अंतिम परीक्षेत तो उत्तीर्ण झाला, पण यादीत शेवटून दुसरा!

मग नोकरी. १८८२ पासून सान्स, सां-काँताँ आणि त्र्वा अशा तालुकावजा गावांतल्या सरकारी विद्यालयांत तो तत्त्वज्ञान शिकवीत राहिला. मध्यंतरी १८८५-८६ च्या सुमारास सरकारने त्याला जर्मनीत पाठविले. जो देश जिंकला त्याच्या विद्यापीठांत काय चालते ते पाहून यावे, हा हेतू. बर्लिन, मारबुर्ग, लाइपझिग येथे त्याने पाहिले की नीती, कायदा, चालीरीती ह्या गोष्टींवर तिथले विद्वान कल्पनेचे पतंग उडवीत नाहीत, प्रत्यक्ष माहिती गोळा करून विचार करतात. परत आल्यावर त्याने त्यावर लेख लिहिले आणि शिक्षणखात्याच्या वरिष्ठांचे लक्ष ह्या तरुणाकडे गेले.

त्या वेळी फ्रान्समध्ये शिक्षणाची मोठी उलथापालथ चालू होती. १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाले होते. आतापर्यंत मुलांना नीती शिकवायची ती चर्चने, धर्मग्रंथाच्या आधाराने. आता खेड्यातल्या शाळामास्तरावर ते काम आले. खोटे का बोलू नये, दुसऱ्याचे का घेऊ नये, देशासाठी कष्ट का करावे? ‘देवाने सांगितले म्हणून’ हे उत्तर शाळेत द्यायचे नाही. मग द्यायचे काय? हा पेच नुसता पुस्तकी नव्हता. हजारो शिक्षकांना तो रोज वर्गात सोडवायचा होता.

१८८७ साली बोर्दो विद्यापीठात द्यूरकेमची नेमणूक झाली. विषय दोन : शिक्षणशास्त्र आणि समाजविज्ञान. ‘समाजशास्त्र’ हा शब्द ओग्युस्त काँतने पन्नास वर्षांपूर्वी रूढ केला होता. पण विद्यापीठात ह्या विषयाला पाट मांडून कोणी बसविले नव्हते. फ्रेंच विद्यापीठातील तो पहिलाच वर्ग. त्याच वर्षी द्यूरकेमचे लुईझ द्रेफ्यूस हिच्याशी लग्न झाले. मुलगी मारी आणि मुलगा आंद्रे अशी दोन अपत्ये त्यांना झाली. बोर्दोत तो पंधरा वर्षे राहिला. एकीकडे प्राथमिक शिक्षकांना शिकवायचे, दुसरीकडे समाजशास्त्राची जाहीर व्याख्याने द्यायची आणि रात्री ग्रंथ लिहायचे. ज्या तीन पुस्तकांवर त्याची कीर्ती उभी आहे ती ह्याच काळातली, तीही पाच वर्षांच्या आत लिहून झालेली.

पहिले पुस्तक १८९३ चे, श्रमविभागणीवरचे. हाच त्याचा डॉक्टरेटचा प्रबंध. प्रश्न असा की, माणसे एकत्र राहतात ती कशाच्या बळावर? द्यूरकेम सांगतो की बंध दोन प्रकारचे असतात. जुन्या लहान समाजात सगळे एकसारखे काम करतात, एकच देव भजतात, सारखाच विचार करतात. हे सारखेपण त्यांना बांधून ठेवते. नव्या मोठ्या समाजात कोणी विणकर, कोणी वैद्य, कोणी इंजिनचालक. प्रत्येकाला दुसऱ्याची गरज. इथे वेगळेपणच बांधून ठेवते, जसे शरीरात डोळा आणि पाय वेगळे असूनही एकमेकांवाचून अडतात.

इथे आपल्या मनात चटकन बलुतेदारी येईल. आपल्या गावगाड्यातही कामे वाटलेली होती ना? पण थांबा. द्यूरकेमने ह्या बाबतीत मोठा इशारा देऊन ठेवला आहे, आणि तो देताना जातिव्यवस्थेचे नावही घेतले आहे. काम गुणाप्रमाणे न मिळता जन्माने गळ्यात पडत असेल, तर ती श्रमविभागणी लादलेली. ती माणसांना जोडीत नाही, त्यांच्यात कलह पेरते. १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ ह्या आपल्या भाषणात, जात म्हणजे केवळ श्रमविभागणी होय असे समर्थन करणाऱ्यांचा खरपूस समाचार घेतला. दोघांच्या वाटा निराळ्या, पण ह्या एका वळणावर त्या किती जवळ येतात बघा.

दुसरे पुस्तक १८९५ चे, समाजशास्त्राच्या पद्धतीवरचे. त्यातला मुख्य मुद्दा साधा आहे. भाषा, चलन, कायदा, रूढी ह्या गोष्टी आपल्या जन्माआधीपासून असतात आणि आपल्यावर दाब ठेवतात. बाजारात स्वतःच्या मनाचे नाणे काढून बघा, म्हणजे दाब कळेल! असे जे जे आपल्या बाहेर आहे आणि आपल्याला वळण लावते ते सामाजिक तथ्य. त्याच्याकडे दगड किंवा वनस्पतीकडे पाहावे तसे पूर्वग्रह बाजूला ठेवून पाहावे. ‘मला सगळे ठाऊक आहे’ असे म्हणून सुरुवात करू नये. आपल्या रोजच्या चालीरीतींबद्दल आपल्याला फार थोडे ठाऊक असते, हे त्याचे म्हणणे आजही पटण्यासारखे आहे.

तिसरे पुस्तक १८९७ चे, आत्महत्येवरचे. विषय ऐकून मन चरकते. आत्महत्या ही तर एकट्या माणसाची, अगदी खाजगी गोष्ट. पण द्यूरकेमने नेमकी तीच निवडली. फ्रान्सच्या न्यायखात्यातील नोंदी मिळविल्या. त्या मिळवून दिल्या गाब्रिएल तार्दने, जो विचाराने त्याचा प्रतिपक्षी होता. सुमारे २६,००० प्रकरणांची वर्गवारी करायची होती. हे कंटाळवाणे काम त्याचा भाचा मार्सेल मोस ह्याने केले. आकडे बोलू लागले. दर देशाचे प्रमाण वर्षानुवर्षे जवळपास कायम. विवाहितांपेक्षा अविवाहितांत जास्त. कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंटांत जास्त. व्यापार बुडाला की प्रमाण वाढते हे समजण्यासारखे आहे, पण एकाएकी भरभराट झाली तरीही वाढते!

ह्यावरून त्याने ताडले की माणूस आपल्या माणसांपासून तुटला, किंवा जगण्याचे जुने नियम मोडले आणि नवे अजून बसले नाहीत, की धोका वाढतो. उलट, समूहाने माणसाला पुरते गिळले तरीही धोका असतोच. त्याचा दाखला म्हणून त्याने हिंदुस्थानातील सतीची चाल सांगितली आहे. पुढे पुष्कळांनी ह्या पुस्तकातील उणिवा दाखविल्या. सरकारी नोंदी खऱ्या मानाव्या का, हा आक्षेप मोठा आहे आणि तो रास्तही आहे. पण मूळ दृष्टी टिकली. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीही द्यूरकेमची चौकट हाताशी घेतलेली आहे. ‘तो मनाचा कच्चा होता’ असे म्हणून गावाने हात झटकू नयेत, आपल्यातले कोणते बंध सैल झाले ते तपासावे, हा त्या दृष्टीचा अर्थ.

ह्याच सुमारास फ्रान्स एका खटल्याने हादरला. आल्फ्रेड द्रेफ्यूस हा ज्यू लष्करी अधिकारी. त्याच्यावर हेरगिरीचा खोटा आरोप ठेवून १८९४ साली त्याला जन्मठेप देण्यात आली. द्यूरकेमच्या सासरचे आडनाव तेच असले तरी ह्या कॅप्टनशी त्याचे नाते नव्हते. १८९८ च्या जानेवारीत एमिल झोलाने सरकारला जाहीर जाब विचारला तेव्हा देश दुभंगला. एक पक्ष म्हणे, सैन्याची अब्रू मोठी, एका माणसासाठी देशाची घडी विसकटू नका. विचारवंतांचा व्यक्तिवाद देशाला बुडवील, असे ब्रूनत्येर नावाच्या वजनदार टीकाकाराने लिहिले.

द्यूरकेमने त्याच वर्षी त्याला उत्तर दिले. आयुष्यभर ‘समाज, समाज’ म्हणणारा हा माणूस आता म्हणणार काय, अशी शंका आपल्यालाही येईल. त्याचे उत्तर असे : व्यक्तिवाद म्हणजे स्वार्थ समजू नका. धर्म, धंदा, प्रांत ह्यांनी भिन्न झालेल्या आजच्या समाजात सर्वांना समान अशी एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे माणूसपण. एका निरपराध माणसाचा हक्क तुडविला गेला तर समाजाला एकत्र ठेवणारा तो शेवटचा धागाच तुटतो. समाजाच्या नावाने एका माणसावर अन्याय करणारे समाजाचेच शत्रू होत. द्रेफ्यूस निर्दोष ठरला तो १९०६ साली, बारा वर्षांनी.

१८९८ सालीच द्यूरकेमने ‘समाजशास्त्रीय वार्षिक’ हे नियतकालिक सुरू केले. १९१३ पर्यंत त्याचे बारा खंड निघाले. मोस, आंरी ह्यूबेर, सेलेस्तँ बूग्ले, रोबेर हेर्त्झ, मोरिस आल्ब्वाक्स अशी तरुण मंडळी त्याच्याभोवती जमली. एकट्याने ग्रंथ लिहिणारे पुष्कळ असतात. पण कामे वाटून घेऊन वर्षानुवर्षे राबणारे शिष्यमंडळ उभे करणे फार थोड्यांना साधते. ह्या मंडळींची नजर भारतावरही होती. ह्यूबेर आणि मोस यांनी १८९९ साली यज्ञावर निबंध लिहिला, तो बराचसा वैदिक ग्रंथांच्या आधाराने. बूग्लेने १९०८ साली जातिव्यवस्थेवर पुस्तक प्रसिद्ध केले.

१९०२ साली द्यूरकेमला पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठाने बोलावले. १९०६ साली तो तिथे पूर्ण प्राध्यापक झाला. तेही शिक्षणशास्त्राच्या जागेवर. त्या पदाच्या नावात ‘समाजशास्त्र’ हा शब्द यायला १९१३ साल उजाडले. तिथे भावी शिक्षकांपुढे त्याने नीतिशिक्षणावर जी व्याख्याने दिली ती त्याच्या मृत्यूनंतर, १९२५ साली, पुस्तकरूपाने निघाली. त्यात त्याने नीतीची तीन अंगे सांगितली : शिस्त, समूहाबद्दल ओढ आणि समजून-उमजून केलेला स्वीकार. तिसरे नसेल तर पहिली दोन म्हणजे नुसती हुकमत. शिस्तीचा एवढा कैवारी, पण मुलाला मारण्याच्या तो सक्त विरुद्ध होता. छडीने मुलाला माणसाची किंमत कळत नाही, उलट ती किंमत तुडवायला तो शिकतो, असे त्याचे म्हणणे. शिक्षेचा उपयोग एवढाच, की मोडलेला नियम अजून जिवंत आहे हे सर्व वर्गाला दिसावे. ‘छडी लागे छमछम’च्या काळात वाढलेल्या आपणा मंडळींना हे ऐकून ठेवण्यासारखे आहे.

१९१२ साली त्याचा शेवटचा मोठा ग्रंथ आला, धर्माच्या मूळ रूपांवरचा. मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासींची माहिती त्याने आधाराला घेतली. एरवी पांगलेले लोक उत्सवासाठी एकत्र येतात, नाचतात, गातात, आणि आपल्याहून मोठी कोणती तरी शक्ती अंगात संचारल्याचा त्यांना अनुभव येतो. द्यूरकेम म्हणतो, हा अनुभव खोटा नव्हे. ती शक्ती म्हणजे खुद्द समाजच. आपल्याकडे ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणतात, त्याच्या जवळपासचाच हा विचार. श्रद्धावंतांना तो अपुरा वाटतो, आणि ते साहजिक आहे. द्यूरकेम स्वतः ऑस्ट्रेलियाला कधी गेला नाही, दुसऱ्यांच्या टिपणांवर त्याने इमला रचला, असा अभ्यासकांचाही आक्षेप आहे.

आणि मग १९१४ चे महायुद्ध आले. द्यूरकेम पन्नाशी ओलांडलेला. त्याने लेखणी देशाच्या कामाला लावली, समित्यांवर राबला. ज्या तरुणांना त्याने घडविले ते एकामागून एक आघाडीवर गेले. हेर्त्झ १९१५ च्या एप्रिलमध्ये पडला. द्यूरकेमचा मुलगा आंद्रे भाषाशास्त्राचा अभ्यासक, बापाच्या कामाचा वारस व्हावा असा. तो बाल्कनच्या आघाडीवर गेला आणि १९१५ च्या अखेरीस बेपत्ता झाला. बापाने कित्येक आठवडे वाट पाहिली. १९१६ च्या वसंतात मृत्यूची खात्री पटली.

त्याच १९१६ च्या मार्च महिन्यात फ्रान्सच्या सिनेटमध्ये एका सभासदाने उठून द्यूरकेमच्या परकीय वंशाकडे बोट दाखविले आणि त्याच्या निष्ठेविषयी संशय घेतला. शिक्षणमंत्र्यांनी त्याचा निषेध केला हे खरे. पण विचार करा, वाचकहो. ज्याने पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिक्षकांना देशप्रेमाचा अर्थ शिकविला, ज्याचा मुलगा त्याच देशासाठी गेला, त्याला हे ऐकावे लागले! त्या वर्षाच्या अखेरीस त्याला पक्षाघाताचा झटका आला. १५ नोव्हेंबर १९१७ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, तो पॅरिसमध्ये वारला.

अर्धवट राहिलेले काम मोसने अंगावर घेतले. मृत मित्रांची हस्तलिखिते छापून काढण्यात त्याने आपली उमेदीची वर्षे घालविली. आल्ब्वाक्स दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या छळछावणीत १९४५ साली गेला. एवढे आघात सोसूनही हा विचार मेला नाही. इंग्लंडमध्ये रॅडक्लिफ-ब्राउनने तो उचलला. आपल्या मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला. तिथे डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली शिकलेले एम. एन. श्रीनिवास पुढे ऑक्सफर्डला रॅडक्लिफ-ब्राउनकडे गेले, आणि कूर्ग लोकांच्या धर्मावरचा त्यांचा १९५२ सालचा ग्रंथ ह्याच परंपरेतून आला. असा हा ओढा एपिनालपासून वाहत आपल्या दारापर्यंत आलेला आहे.

द्यूरकेमचे सगळेच सिद्धांत आज कोणी मानीत नाही, आणि मानण्याचे कारणही नाही. शास्त्रात तसेच व्हायचे. पण त्याने विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही. गावातील मुले शहराकडे गेली, एकत्र कुटुंबे मोडली, जुन्या चाली सुटल्या. त्यांतल्या काही सुटल्या हे बरेच झाले. पण त्यांच्या जागी माणसाला माणसाशी जोडणारे आपण काय उभे केले? उद्या सकाळी शाळेत हजेरी घेताना त्या चाळीस मुलांकडे ह्या नजरेने बघा. ती चाळीस वेगवेगळ्या घरांतून आलेली आहेत. त्यांचा एक वर्ग व्हायचा आहे, आणि तो करणे आपल्या हाती आहे.